पदवीधराच्या हाती काय ठेवावे?



कॉलेज पुरे करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नातलगांनी भेट म्हणून काय द्यावे, असा आजचा आमचा विषय आहे. युनियनच्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. भेटवस्तूचा विषय दुकानदाराचा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. परंतु भेट म्हणजे तरी काय? एकाच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या हाती जाणे. आणि पैसा कोणाच्या घामातून निघतो व कोणाच्या हाती जातो, हे पाहण्यातच आमची तीस वर्षे गेली आहेत. शाळा आम्हांला सातवीपर्यंत मिळाली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळी संपल्यावर, आपटे वाचन मंदिरातली पुस्तके वाचून झाले. पदवी आम्हांला नाही. म्हणूनच पदवीचे मोल आम्ही बाहेरून, नीट डोळे उघडे ठेवून पाहिले आहे.

पदवी आणि व्याख्यानमाला यांचे नाते जुने आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या चौघांपैकी रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवून महाराष्ट्रातल्या गावोगावी उन्हाळ्यात असे मांडव पडू लागले. एका पदवीधराने समाजाला दिलेली ती भेटच आहे, आणि तिचाच लाभ आपण आज येथे बसून घेत आहो.

त्या वेळी साऱ्या मुंबई इलाख्यात चार पदवीधर होते. पुढे १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले, एस. टी.चा पास काढून मुले कॉलेजात जाऊ लागली, आणि आज आपल्या गल्लीत हाक मारली तर चार पदवीधर कट्ट्यावरच सापडतील. पदवी सोपी झाली म्हणून हे आम्ही सांगत नाही. एकेका घराला ती अजूनही फार महाग पडते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. कबनूर आणि इचलकरंजी यांची हद्द सरकारी कागदावर वेगळी असेल, मागाच्या खडखडाटाला ती ठाऊक नाही. या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या करून माणसांनी मुले शिकवली. ज्या घरात पहिला बी. कॉम. होतो त्या घरात बापाने वर्षानुवर्षे रात्रपाळी धरलेली असते, आईने कांड्या भरलेल्या असतात, आणि पुष्कळदा थोरल्या बहिणीने दहावीतून शाळा सोडलेली असते. प्रमाणपत्रावर नाव एकाचे असते. त्याच्या मागे घरातल्या चारपाच जणांचा हात असतो.

आता असा मुलगा पास झाला की नातलगांना आनंद होतो. व्हायलाच हवा. मामा येतो, काका येतो, आत्ती येते. प्रत्येकाला काहीतरी द्यावेसे वाटते. येथपर्यंत सारे चांगले आहे. घोटाळा पुढे होतो. तो कोठे होतो, ते पाहू.

आपल्याकडे देण्याघेण्याची एक जुनी रीत आहे, ती अहेराची. लग्नात अहेराची वही असते. कोणी किती दिले ते त्या वहीत लिहून ठेवतात, आणि त्याच्या घरी कार्य निघाले की वही काढून तेवढे, किंवा एक रुपया चढवून, परत करतात. अहेराला आम्ही नावे ठेवत नाही. गरिबांची ती एक प्रकारची भिशीच आहे. लग्नासारखा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, आज तुझा, उद्या माझा. परंतु पदवीची भेट आपण त्याच वहीत मांडू लागलो तर मोठी चूक होते. कारण लग्नाच्या अहेराची फेड थोरली माणसे करतात. पदवीच्या भेटीची फेड ज्याच्याकडून अपेक्षिली जाते तो बावीस वर्षांचा पोरगा असतो. त्याला अजून पहिला पगार मिळालेला नसतो. मामाने गाडी घेऊन दिली, आता मामाचा शब्द मोडता येत नाही. काकाने फोन घेऊन दिला, आता काकाच्या दुकानात फुकट बसावे लागते. वस्तू चार वर्षांत जुनी होते, मिंधेपणा मात्र जुना होत नाही.

दुसरा घोटाळा दिखाव्याचा. निकाल लागला की चौकात डिजिटल फलक लागतो. मधे पदवीधराचा फोटो लहान, आणि भोवती शुभेच्छुकांचे फोटो मोठे! पावसाच्या पहिल्या सरीत तो फलक फाटतो आणि मग म्हशीच्या गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी जातो. तेथे त्याचा उपयोग होतो हे मान्य आहे. परंतु तेवढ्याच पैशांत त्या मुलाची दोन-तीन परीक्षांची फी निघाली असती.

तिसरा घोटाळा सर्वांत वाईट, आणि तो आम्ही आमच्या कामात प्रत्यक्ष पाहिला आहे. यंत्रमाग कामगारात ‘उचल’ म्हणून एक प्रकार आहे, तो येथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. कामगार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मग दर आठवड्याच्या पगारातून ती कापली जाते. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. म्हणजे कायदा काही म्हणो, रीत अशी पडली आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने कर्जापोटी माणूस बांधून ठेवायला बंदी केली, तरी उचल घेतलेला माणूस मनानेच बांधलेला असतो. आमच्या ओळखीचा एक कामगार आहे. भाचा पदवीधर झाला. बहिणीला त्याने जुना शब्द दिला होता, ‘पोरगं पास झालं की गाडी माझ्याकडनं.’ शब्द पाळण्यासाठी त्याने उचल घेतली आणि मोटरसायकलीची पहिली रक्कम भरली, बाकीचे हप्ते. त्याच दिवाळीत दुसऱ्या कारखान्यात त्याला पिकाला चांगला दर मिळत होता. परंतु उचल फिटलेली नाही, जाणार कसा? दोन वर्षे तो कमी दरात माग चालवत राहिला. आणि भाचा? गाडी दारात उभी करून तो पुण्याला गेला, कारण नोकरी तिकडे मिळाली. गाडीवर घरातली कोंबडी बसत असे. आमचा मामा आम्हांला म्हणाला, ‘पोरानं गाडी मागितलीच नव्हती हो. मीच इचारलं न्हाई.’

बंधुभगिनींनो, ‘विचारले नाही’ हेच या विषयाचे मूळ आहे. आपण देण्याच्या आनंदात असतो, आणि घेणाऱ्याला कशाची नड आहे हे विचारायचे राहून जाते.

मग चांगली भेट कशी असते? कोरडा उपदेश करण्यापेक्षा घडलेली उदाहरणे पाहू.

आपल्याच हातकणंगले तालुक्यातले माणगाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. १९२० च्या मार्चमध्ये तेथे परिषद भरली. राजर्षी शाहू महाराजांनी त्या परिषदेत तरुण डॉक्टर आंबेडकरांकडे बोट दाखवून समाजाला सांगितले की, तुमचा पुढारी तुम्हांला मिळाला आहे. परंतु माणगावला पोचण्याच्या आधी कितीतरी वर्षे, भीमराव मुंबईत शाळेत शिकत असताना, त्यांना एक भेट मिळाली होती. परीक्षेतल्या यशाबद्दल त्यांचे कौतुक करण्यासाठी वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले.

आता या भेटीत काय काय आहे ते पाहा. एक तर, केळूसकर त्या मुलाला ओळखत होते. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसत, आणि तेथे एक मुलगा नेहमी पुस्तक घेऊन येतो हे त्यांनी पाहिले होते. त्याची चौकशी केली, त्याच्याशी बोलले, आणि नंतर भेट दिली. वाचणाऱ्या मुलाला पुस्तक दिले. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला त्यांनी कदाचित दुसरे काही दिले असते. दुसरे, त्यांनी आपल्या कष्टाचे दिले. शिक्षकाजवळ सोने कोठले? जे स्वतः लिहिले तेच दिले. आणि तिसरे महत्त्वाचे. पुस्तक देऊन ते घरी जाऊन झोपले नाहीत. पुढे भीमरावांच्या शिक्षणाला पैसा कमी पडू लागला तेव्हा केळूसकरांनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली आणि कपडेही दिले. कॉलेजात जाणाऱ्या गरीब मुलाला अंगावर धड कपडे लागतात, ही गोष्ट त्या गोऱ्या प्राध्यापकाला कळली होती.

बाबासाहेबांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे की, बुद्धाकडे ते वळले ते दादा केळूसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाच्या आधाराने. नागपूरला १९५६ साली जे घडले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. एका शिक्षकाने दिलेल्या पुस्तकाने किती लांबचा पल्ला गाठला! अर्थात आपण दिलेल्या प्रत्येक पुस्तकाने इतिहास घडेल अशा भ्रमात कोणी राहू नये. परंतु माणूस ओळखून दिलेली वस्तू वाया जात नाही, एवढे यातून घेता येईल.

याच हकिकतीत दुसरी एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. बडोदे सरकारने १९१३ साली भीमरावांना अमेरिकेला पाठवले तेव्हा एक करार लिहून घेतला: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. सयाजीरावांच्या उदारपणाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. राज्याचा पैसा खर्च होतो तर राज्याला उपयोग व्हावा, हे राज्यकारभाराला धरूनच आहे. पण पुढे काय झाले? १९१७ साली ते बडोद्याला हजर झाले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीपायी राहायला जागा कोणी दिली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते शहर सोडावे लागले. करार कागदावर राहिला. पुस्तकाला मात्र करार नव्हता. तात्पर्य असे की, देणाऱ्याने आपल्या मनात आखलेला रस्ता घेणाऱ्याच्या पायाला जमेलच असे नाही. राज्याने करार करावा. मामाने, काकाने करू नये.

आता मुलींकडे वळू. आपल्याकडे भाचा पदवीधर झाला तर गाडी, आणि भाची पदवीधर झाली तर साडी! आणि साडी देताना म्हणायचे काय, तर ‘आता पाहुण्यांना दाखवायला होईल.’ म्हणजे तिने तीन-चार वर्षे रात्री जागून मिळवलेल्या पदवीचा उपयोग काय, तर स्थळ चांगले येईल! मुलाच्या भेटीत त्याच्या नोकरीचा विचार आणि मुलीच्या भेटीत तिच्या लग्नाचा विचार, हा भेद आम्हांला मुळीच मान्य नाही.

येथेही एक घडलेली गोष्ट सांगतो, आणि तिचा आपल्या कोल्हापूरशी संबंध आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन बाहेर पडल्या. वय अवघे वीस. आई-वडील, सासर-माहेर सारे सात समुद्रांपलीकडे. परंतु त्या समारंभाला त्यांच्या नात्यातली एक बाई हजर होती: पंडिता रमाबाई. त्या वेळी त्या इंग्लंडमध्ये होत्या. तेथून बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून त्या आल्या. नातलगाने काय द्यावे, याचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हांला सापडत नाही. ‘तुझ्या या दिवशी तुझ्या भाषेत बोलणारे, तुझ्या नात्यातले एक माणूस समोर बसलेले असावे’, म्हणून एक बाई एवढी दूर गेली. आपल्या पोरीच्या पदवीदान समारंभाला कोल्हापूरला जायचे तर आपण म्हणतो, ‘पाळी बुडते.’

आणि दुसरी भेट दिली ती कोल्हापूर संस्थानाने. आनंदीबाई परत येण्यापूर्वीच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आज ज्याला आपण सी. पी. आर. म्हणतो तेथे, स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकलेल्या मुलीला कोल्हापूरने त्या काळी काय देऊ केले? तर काम. पगार आणि अधिकार असलेले काम. दुर्दैवाने आनंदीबाई आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्या जागेवर काम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु भेट देणाऱ्याची दृष्टी पाहा. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या संस्थानाला जे सुचले ते आज आपल्या गल्लीतल्या मामाला सुचू नये काय?

या दोन्ही हकिकतींतून एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. पदवी हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. तेथे गाडी बदलायची असते. कॉलेज संपते आणि पहिला पगार हाती येतो, या दोहोंच्या मधे एक मोकळा पट्टा असतो. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला दोन वर्षे, कोणाला त्याहून अधिक. कॉलेजात असेपर्यंत मुलगा विद्यार्थी असतो, सवलतीचा पास असतो, घरात मान असतो. कॉलेज संपले की पास बंद होतो, आणि घरात बाप काही बोलला नाही तरी ताट वाढताना भांड्याचा आवाज मोठा ऐकू येतो. याच पट्ट्यात मुले खचतात. याच पट्ट्यात ‘नोकरी लावून देतो, एवढे भरा’ म्हणणारे दलाल घराचा उंबरा शोधत येतात, आणि भोळे नातलग भेट म्हणून त्या दलालालाच पैसे देऊन बसतात. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नाही, तो नोकरी विकतो किंवा नुसता फसवतो. दोन्ही प्रकारांत तुमचा पैसा गेला आणि पोराची मान खाली गेली. अशा कामासाठी एक पैसाही देऊ नका.

हा पट्टा ओलांडायला जी मदत करील ती खरी भेट. जुन्या लोकांना हे बरोबर कळत होते. पूर्वी पदवीधराला काय देत? फौंटनपेन, सायकल, मनगटी घड्याळ. बंगलोरला १९६१ साली एच. एम. टी.ची घड्याळे निघू लागली आणि पुढे कित्येक वर्षे पास झालेल्या मुलाच्या मनगटावर तेच घड्याळ बांधले जाई. २०१६ साली तो घड्याळांचा कारखाना बंद करण्याचे सरकारने ठरवले. तरी कित्येक घरांतल्या कपाटात ते घड्याळ अजून जपून ठेवलेले आहे. त्या वस्तू नुसत्या शोभेच्या नव्हत्या. पेन कचेरीत लिहायला, सायकल कचेरीत पोचायला, घड्याळ वेळेवर पोचायला. म्हणजे ती कामाची हत्यारे होती. नव्या विणकराला धोटा द्यावा तशी ती दिली जात. आज वेळ फोनवर दिसते, आणि पेन बँकेत दोरीला बांधलेले असते. वस्तू बदलल्या, परंतु ‘पुढच्या कामाचे हत्यार द्यावे’ हा विचार बदलण्याचे कारण नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी नातलगाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: या वस्तूने त्याचे पुढचे पाऊल सोपे होईल काय? दुसरा: हिचा पैसा आपल्या शिलकीतून येतो आहे की उद्याच्या मजुरीतून? उद्याच्या मजुरीतून येत असेल तर हात आवरावा. नाकापेक्षा मोती जड होता कामा नये. आणि तिसरा प्रश्न अवघड आहे: दिल्यानंतर आपण ही भेट विसरू शकू काय? विसरता येणार नसेल, चार माणसांत बोलून दाखवावेसे वाटणार असेल, तर ती थोडी लहान करावी. जी बोलून दाखवावी लागत नाही तेवढीच भेट आपल्या ऐपतीची, असे समजावे.

आता प्रत्यक्ष काय द्यावे? मुलगा-मुलगी पाहून ठरवावे. स्पर्धा परीक्षेला बसणार असेल तर अभ्यासिकेची सहा महिन्यांची फी भरावी. ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसे आणि शेजारी माग, तेथे शांत जागा हीच श्रीमंती आहे. मुलाखतींना पुण्या-मुंबईला जायचे असेल तर गाडीभाड्याची रक्कम वेगळ्या पाकिटात द्यावी, आणि बरोबर एक चांगला शर्ट व पायांत नीट बूट. प्राध्यापक म्युलरना जे सुचले ते लहान समजू नका. कारखान्यात किंवा कचेरीत हिशेबाचे काम करणार असेल तर संगणकावरच्या हिशेबाचा चांगला वर्ग लावून द्यावा. गाडीच द्यायची हौस असेल, तर आधी ती चालवण्याचा परवाना काढून द्यावा.

कोणी म्हणेल, ‘आमच्या आत्तीला सोन्याशिवाय समाधान नाही.’ ठीक आहे. सोन्याला आमचा विरोध नाही, आणि शेजारी हुपरी असताना चांदीला तर कसा असेल! गरिबाच्या घरात सोने-चांदी हीच अडीअडचणीची बँक आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या त्या थोर माणसाचे काम अशा मोडलेल्या सोन्यावर उभे राहिले. म्हणून सोने द्यायचे तर जरूर द्या. मात्र हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकी क्रमांक पाहून घ्या, पावती मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करा, आणि देताना एक वाक्य आवर्जून सांगा: ‘नड लागली तर खुशाल मोड, आम्ही विचारणार नाही.’ हे वाक्य नसेल तर ती अंगठी बोटात बेडीसारखी राहते.

ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी काय करावे? त्यांच्याजवळ पुष्कळ देण्यासारखे असते. मुलगी परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिच्या वाट्याची धुणीभांडी दोन तास दुसऱ्याने उचलावी. नात्यात कोणी बँकेत, कोणी कारखान्यात असेल, त्याने केळूसकरांसारखे बरोबर घेऊन जावे आणि ओळख करून द्यावी. वशिला लावा असे आम्ही म्हणत नाही. दार कोठे आहे ते दाखवा, आत ते आपल्या गुणांवर जातील. आणि कामगार काका-मामांनी, ज्यांनी जन्मभर कागदावर सह्या-अंगठे केले, त्यांनी आपल्या अनुभवाची शिदोरी द्यावी. नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय कामावर रुजू होऊ नये. कोऱ्या कागदावर सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणा मालकाच्या कपाटात ठेवू नयेत. नक्कल द्यावी, मूळ कागद घरी. पगाराची पावती दर महिन्याला मागावी. कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि न शिकल्याचा दंड पहिल्याच नोकरीत भरावा लागतो.

आमच्या घरी यंदा आमची भाची बी. कॉम. होते आहे. आम्ही तिला सरळ विचारले, ‘तुला काय पाहिजे?’ ती पहिल्यांदा लाजली. म्हणाली, ‘काय नको, मामा.’ आपल्या मुली असेच म्हणतात. त्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नये, आणि आपल्या मनाने साडीही आणू नये. दोन दिवसांनी पुन्हा विचारले. तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, वर्षभर माझ्या लग्नाचा विषय घरात काढू नका, एवढं आईला सांगा. मला बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत.’ ही मागणी कोणत्याही दुकानात मिळणारी नव्हती. आम्ही आमच्या बहिणीजवळ बसलो. मालकांशी वाटाघाटी करताना जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ लागला! ती म्हणत होती सहा महिने, आम्ही म्हणत होतो दीड वर्ष. शेवटी एक वर्षावर तडजोड झाली. परीक्षांच्या अर्जांची फी आमच्याकडे, आणि पुस्तके तिच्या मावशीकडे. भाचीने तो करार वहीत लिहून आईची सही घेतली. हिशेबाची पदवी वाया जाणार नाही, अशी आमची खात्री झाली.

आता दोन शब्द समोर बसलेल्या तरुण पदवीधरांना. भेट मागायला लाजू नका, आणि नको असलेली भेट नको म्हणायलाही भिऊ नका. मामा उचल काढून काही आणतो आहे असे कळले तर त्याचा हात धरा आणि सांगा, ‘मामा, हे नको, तुझी उचल फिटू दे, तीच मला भेट.’ एवढे म्हणण्याचे धैर्य पदवीने आले नसेल तर पदवीने काय आले? आणि तुमच्या पहिल्या पगारातून कोणाची फेड करायची असेल तर गाडी देणाऱ्या मामाची नंतर करा. आधी त्या थोरल्या बहिणीकडे पाहा, जिने दहावीतून शाळा सोडली. तिला विचारा, तुझे काय राहून गेले? वय झाले असे म्हणू नका. आमची स्वतःची शाळा साऱ्या पाळ्या संभाळून वाचनालयात चालली, तिचीही चालेल.

बंधुभगिनींनो, निकालाचे दिवस जवळ आले आहेत. येत्या महिन्याभरात तुमच्यापैकी अनेकांच्या नात्यात कोणी ना कोणी पदवीधर होईल. पेठेत जाण्यापूर्वी, फलकवाल्याला फोन करण्यापूर्वी, आणि मालकापुढे उचलीसाठी उभे राहण्यापूर्वी, त्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘बाळ, आता तुला कशाची नड आहे?’ उत्तर यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस थांबा. मग जे सांगेल ते, ऐपतीप्रमाणे, गाजावाजा न करता द्या; आणि ते कोणत्याही वहीत लिहू नका.